नृत्यप्रेरित पियानोसंगीत

नृत्यप्रेरित पियानोसंगीत : एखाद्या नृत्यप्रकाराची लय, आघातांची मांडणी आणि खंडरचना आधारभूत धरून एकट्या पियानोसाठी रचलेले व मुख्यतः श्रवणासाठी योजलेले संगीत. वॉल्ट्झ, माझुर्का, पोलोनेझ, हाबानेरा, टँगो, रॅगटाइम इ. नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पियानोरचना या वर्गात मोडतात. त्यांवर प्रत्यक्ष नृत्य व्हावे अशी अपेक्षा सामान्यतः नसते. पुष्कळदा ते शक्यही नसते. तथापि मूळ नृत्यातील पावलांचा तोल, थबकणे, उडी वा गिरकी यांची जाणीव श्रोत्याला झाली नाही, तर अशी रचना निर्जीव ठरते. म्हणूनच एखाद्या प्रदेशातील नृत्ये त्या प्रदेशातील पियानोसंगीतात किती उतरली, हा प्रश्न केवळ संगीतरचनेचा राहत नाही. नाचणारा समाज आणि पियानो बाळगणारा समाज यांच्यातील अंतराचाही तो प्रश्न असतो. मुंबईच्या संदर्भात हे अंतर विशेष जाणवते.

वाद्य आणि लय : पियानो हे तंतुवाद्य असले, तरी त्याचा नाद आघाताने निर्माण होतो. पट्टी दाबताच नमद्याने मढविलेली हातोडी तारेवर आदळते व लगेच मागे सरते. त्या क्षणापासून नाद ओसरू लागतो. व्हायोलिन वा कंठ यांप्रमाणे स्वर फुगवता येत नाही, की एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेता येत नाही. गायकी अंगाच्या दृष्टीने ही उणीव असली, तरी नृत्याच्या दृष्टीने तीच सोयीची ठरते. प्रत्येक स्वराला स्पष्ट आरंभ असल्यामुळे आघात रेखीव उमटतात. शिवाय दोन हातांत कामाची वाटणी करता येते : डावा हात मंद्र स्वर आणि स्वरसंघात यांचा ठेका धरतो, तर उजवा त्यावर सुरावट खेळवतो. वॉल्ट्झमध्ये डाव्या हाताने पहिल्या मात्रेला खर्जातील एक स्वर आणि दुसऱ्या-तिसऱ्या मात्रांना हलके स्वरसंघात वाजविले जातात. धुमेच्या घुमाऱ्यावर शाईच्या पुडीचे बोल उठावेत, तसा हा प्रकार असून ढोलकी ऐकलेल्या कानाला तो सहज उमगतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पियानो हे वाद्य इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने सु. १७०० मध्ये सिद्ध केले. परंतु नृत्यावरून एकल कळवाद्यासाठी संगीत रचण्याची प्रथा त्याहून जुनी आहे. सोळाव्या शतकात संथ पावान आणि द्रुत गॅलियार्ड या नृत्यांच्या जोड्या कळवाद्यांवर वाजविल्या जात. पुढे आलमांद, कूरांत, साराबांद व झीग या चार नृत्यांभोवती ‘स्वीट’ या नृत्यमालिकेची घडण झाली. योहान झेबास्टिआन बाखच्या (१६८५–१७५०) मालिकांत ही नृत्ये पूर्णतः श्रवणाची झाली आहेत. नृत्यांचे स्वभाव या प्रवासात किती पालटतात, याचे साराबांद हे बोलके उदाहरण होय. उच्छृंखल म्हणून १५८३ मध्ये स्पेनमध्ये ज्या नृत्यावर बंदी आली, तेच बाखच्या हाती संथ व चिंतनशील झाले. प्रतिष्ठितांनी नाक मुरडलेले नृत्य एकदोन पिढ्यांनी दिवाणखान्यात सन्मानाने येते, हा क्रम पुढे वॉल्ट्झ, टँगो आणि रॅगटाइम यांच्याही बाबतीत घडलेला दिसतो.

एकोणिसाव्या शतकात फ्रेदेरीक शोपँ (१८१०–४९) याने पोलंडमधील ग्रामीण नृत्यांवरून पन्नासाहून अधिक माझुर्का रचल्या. तीन मात्रांच्या या नृत्यात आघात पहिल्या मात्रेवर न राहता दुसऱ्या वा तिसऱ्या मात्रेवर सरकतो. त्यामुळे लय सतत किंचित कलती भासते. मायदेश सोडून पॅरिसला राहिलेल्या शोपँच्या दृष्टीने माझुर्का ही स्मृतीची भाषा होती. नॉर्वेचा एडव्हार्ड ग्रीग (१८४३–१९०७) याने ‘स्लोटर’ (१९०२-०३) या संग्रहात हार्डांगर फिडल या लोकवाद्यावरील नृत्यगती पियानोवर आणल्या. या फिडलला तरफेच्या तारा असतात. तो गुंजारव पियानोवर जसाच्या तसा आणणे अशक्य असल्याने ग्रीगने खुपणाऱ्या स्वरसंघातांचा आश्रय घेतला. लोकनृत्य पियानोवर आणताना हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा पियानोच्या स्वभावात त्याचा प्रतिशब्द शोधावा लागतो, याचा हा चांगला पाठ आहे.

विसावे शतक व समकालीन रचना : या परंपरेला निर्णायक वळण बेला बॉर्टोक (१८८१–१९४५) याने दिले. हंगेरी, रूमानिया इ. प्रदेशांत फिरून त्याने लोकसंगीत ध्वनिमुद्रित केले. रूमानियन लोकनृत्यांवरील त्याची पियानोमालिका १९१५ ची आहे. ‘मिक्रोकॉस्मॉस’ या क्रमिक ग्रंथाच्या शेवटी बल्गेरियन लयीतील सहा नृत्ये आहेत. त्यांतील मात्रांची विभागणी ४+२+३, २+२+३, २+३, ३+२+३, २+२+२+३ व ३+३+२ अशी विषम आहे. दोन, तीन किंवा चार समान मात्रांना सरावलेल्या यूरोपीय वादकांना ही नृत्ये अवघड वाटली. रूपकाची ३+२+२ किंवा झपतालाची २+३+२+३ ही विभागणी कानावर असलेल्या मराठी श्रोत्याला मात्र त्यांत परकेपणा जाणवू नये. फरक इतकाच, की बल्गेरियन नृत्यांची गती फार जलद असल्याने तेथे मात्रा मोजल्या जात नाहीत, तर लांब व आखूड पावलांची जोडणी ध्यानात ठेवली जाते. ज्यॉर्ज लिगेती (१९२३–२००६) याच्या पियानो-एत्यूदांच्या पहिल्या खंडातील (१९८५) ‘फांफार’ ही रचना ३+२+३ अशाच आठ मात्रांच्या अखंड आवर्तनावर उभी आहे. ठेका क्षणभरही थांबत नाही. त्यावरची सुरावट मात्र सतत जागा बदलते.

अमेरिका खंडातील नृत्यांनी पियानोला वेगळीच देणगी दिली. स्कॉट जॉपलिनच्या ‘मेपल लीफ रॅग’ने (१८९९) रॅगटाइमला लोकप्रियता मिळवून दिली. डावा हात कवायतीसारखा नियमित आणि उजवा सतत मात्रेच्या आधी वा नंतर, असे त्याचे स्वरूप आहे. क्लोद द्यब्युसीने केकवॉक व हाबानेरा, ईगॉर स्ट्राव्हिन्स्कीने रॅग (१९१९) व टँगो (१९४०), तर अर्जेंटिनाच्या आल्बेर्तो हिनास्तेराने तीन अर्जेंटाइन नृत्ये (१९३७) पियानोसाठी लिहिली. विल्यम बॉल्कमचा ‘ग्रेसफुल घोस्ट रॅग’ (१९७०) हा रॅगटाइमच्या पुनरुज्जीवनातील विशेष गाजलेला नमुना. न्यिकलाय कपूस्तिन (१९३७–२०२०) या रशियन रचनाकाराने ‘जुन्या शैलीतील मालिके’त (१९७७) बाखकालीन नृत्यांचा साचा व जॅझची भाषा एकत्र आणली. अमेरिकन पियानोवादक यव्हार मिखाशॉफ याने १९८३ पासून निरनिराळ्या देशांतील रचनाकारांकडून टँगो लिहवून घेतले. त्यांची संख्या १२७ पर्यंत गेली. त्यांत जॉन केजसारख्या प्रयोगशील रचनाकाराचाही समावेश होता. इंग्लंडच्या टॉमस अ‍ॅडेझने २००९ मध्ये तीन माझुर्का रचल्या. शोपँनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी तोच साचा पुन्हा हाती घेताना त्याने नृत्याची ओळख अवघ्या काही खुणांपुरती शिल्लक ठेवली आहे.

देवगिरी ते पॅरिस : आधुनिक पियानोसंगीतातील एका महत्त्वाच्या प्रवाहाचा उगम महाराष्ट्रात आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर हा ग्रंथ लिहिला. गीत, वाद्य व नृत्य ही तिन्ही मिळून संगीत, अशी त्याची व्याख्या असून ग्रंथाचा सातवा व अखेरचा अध्याय नृत्याला वाहिलेला आहे. तालाध्यायात १२० देशी तालांची लक्षणे दिलेली आहेत. हे ताल द्रुत, लघू, गुरू, प्लुत अशा कालमानांच्या जुळणीतून बनतात : गुरू लघूच्या दुप्पट, प्लुत तिप्पट, तर द्रुत निम्मा. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये निघालेल्या, लाव्हिन्याक याने संपादिलेल्या संगीतकोशात या तालांचे कोष्टक छापले गेले आणि तेथून ते ऑलिव्ह्ये मेस्यां (१९०८–९२) याच्या हाती लागले. मेस्यांच्या लयविचारावर त्याचा आयुष्यभर प्रभाव राहिला. ‘कांतेयोद्जया’ (१९४९) या त्याच्या एकल पियानोरचनेत तर संहितेवरच संस्कृत तालनामे व संस्कृतसदृश शब्द लिहिलेले आढळतात.

या देवाणघेवाणीचे मोल मोठे असले, तरी तिची मर्यादाही स्पष्ट आहे. मेस्यांला ताल मिळाला तो छापील कोष्टकातून, म्हणजे निव्वळ कालमानांच्या ओळीच्या रूपात. तालाचे आवर्तन, समेवर येण्याची ओढ, हाताने दिला जाणारा ताल आणि त्यावर पडणारे पाऊल ही अंगे कोष्टकात येत नाहीत. त्यामुळे मेस्यांच्या रचनांत देशी ताल अलंकारासारखे येतात, चक्रासारखे फिरत नाहीत. देवगिरीचे तालशास्त्र पॅरिसला पोहोचले; नृत्य मात्र वाटेत गळाले.

मुंबईतील पियानो : मुंबईत पियानो आला तो ब्रिटिश अधिकारी, पारशी कुटुंबे, ख्रिस्ती समाज आणि गिरजाघरे यांच्याद्वारे. धोबी तलाव येथील फुर्टाडो यांचे १८६५ मध्ये स्थापन झालेले दुकान हे वाद्ये व छापील स्वरलेखन मिळण्याचे प्रमुख ठिकाण ठरले. याच परिसरात नोकरीसाठी आलेल्या गोमंतकीयांचे ‘कूड’ होते. गिरगावातील खोताची वाडी, धोबी तलाव आणि दादरची पारशी वसाहत या भागांत पाश्चात्त्य संगीताचे घरगुती शिक्षण रुजले. हे शिक्षण बव्हंशी लंडनहून चालविल्या जाणाऱ्या परीक्षांना अनुसरून होत आले. मिन्यूएट, गाव्हॉत, वॉल्ट्झ ही नृत्ये अशा अभ्यासक्रमांचा नेहमीचा भाग होत. त्यामुळे येथील मुलांना अठराव्या शतकातील फ्रेंच दरबारी नृत्याची चाल बोटांनी ठाऊक होते. कोळीवाड्यातील नाच मात्र केवळ कानांनी. (बाखच्या नावाने शिकविला जाणारा जी मेजरमधील सुप्रसिद्ध मिन्यूएट वस्तुतः क्रिस्टिआन पेट्झोल्ड याचा आहे, हेही येथे नमूद करावयास हवे.)

वाद्याची निगा हाही एक व्यावहारिक अडसर आहे. पावसाळ्यातील दमट हवेने पियानोची लाकडी नादफळी फुगते, तारा गंजतात व स्वर बिघडतात. सुरात ठेवण्याचा खर्च, वाद्याचे वजन व लागणारी जागा यांमुळे चाळीतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पियानो येणे दुरापास्तच होते. तेथे आली ती पेटी. हातपेटीला पियानोसारख्याच पट्ट्या असल्या, तरी तिचा स्वर भात्याच्या हवेवर टिकतो. म्हणून ती गायकीकडे वळली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी तिला एकलवादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. नृत्याशी तिचा संबंध प्रामुख्याने लेहऱ्यापुरता राहिला. कथ्थकमध्ये पेटी वा सारंगीवर एकच सुरावट आवर्तनागणिक वाजत राहते आणि कारागिरी नर्तकाच्या पायांत असते. नृत्यप्रेरित पियानोसंगीतात याच्या उलट घडते : नर्तक अदृश्य असतो व पायांचे काम बोटे करतात.

व्यावसायिक क्षेत्रात पियानो आणि नृत्य यांची गाठ १९३० नंतर हॉटेलांच्या नृत्यगृहांत पडली. अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलात त्या दशकात आफ्रो-अमेरिकन वादकांचे ताफे वाजवीत. त्यांत टेडी वेदरफर्ड (१९०३–४५) हा नामांकित पियानोवादक होता. त्याची ‘स्ट्राइड’ शैली रॅगटाइममधूनच निघालेली आहे. तीत डावा हात खर्जातील स्वर व मध्यसप्तकातील स्वरसंघात यांच्यामध्ये लांब ढांगा टाकीत राहतो. या ताफ्यांच्या सहवासात घडलेले गोमंतकीय वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले आणि फॉक्सट्रॉट, रंबा, वॉल्ट्झ यांच्या लयी त्यांच्याबरोबर गेल्या. सी. रामचंद्र यांचे संगीत असलेला अलबेला (१९५१) हे याचे ठळक उदाहरण होय. त्यात चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचा सहभाग होता. चित्रपटाचे नायक-दिग्दर्शक भगवान हे गिरणी कामगाराचे पुत्र. त्यांची संथ, झुलती पावले नंतर गणेशोत्सवाच्या मिरवणुकांतून दिसू लागली. हॉटेलातील नृत्यगृह ते लालबाग-परळचा रस्ता हे अंतर लयीने असे कापले. पियानो मात्र मागेच राहिला.

मैफलीच्या क्षेत्रात वॉल्टर काउफमान (१९०७–८४) याचे कार्य उल्लेखनीय आहे. नाझी राजवटीच्या छायेतून निसटून १९३४ मध्ये तो मुंबईस आला व येथे त्याने बाँबे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. आकाशवाणीवरील पाश्चात्त्य संगीताचा तो संचालकही होता. भारतीय संगीताचा त्याने कसून अभ्यास केला. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गिरगावात बा. र. देवधर यांच्या संगीत विद्यालयाने (स्थापना १९२५) हिंदुस्थानी संगीताबरोबरच पाश्चात्त्य संगीताविषयीही जिज्ञासा बाळगली. मात्र असे अपवाद मोजकेच. मुंबईत जन्मलेले वनराज भाटिया (१९२७–२०२१) यांनी लंडनची रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिक आणि पॅरिसमध्ये नाद्या बूलांझे यांच्याकडे शिक्षण घेतले. राग आणि बहुस्वरी रचना यांचा मेळ घालण्याचा त्यांचा प्रयत्न गंभीर स्वरूपाचा होता. त्यांची पियानोसाठीची ‘फँटेझिया अँड फ्यूग इन सी’ (१९९९) मैफलींतून वाजविली जाते. भूमिका (१९७७) या, हंसा वाडकर यांच्या सांगत्ये ऐका या आत्मकथनावर आधारित चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. तमाशाच्या व चित्रपटाच्या मराठी जगाशी त्यांची ओळख होती ती अशी पडद्याच्या बाजूने. पियानोरचनांसाठी मात्र त्यांनी राग निवडला, नृत्य नव्हे. पारशी पित्याचा, इंग्लंडमध्ये जन्मलेला कैखुश्रू शापुरजी सोराबजी (१८९२–१९८८) याने व्हाल्स-फांतेझी (१९२५) व ‘कार्मेन’मधील हाबानेरावरील विडंबनपर रचना (१९२२) लिहिल्या. त्यांतील नृत्ये मात्र व्हिएन्नाची व क्यूबाची आहेत.

मांडो, लावणी व कोळीनृत्य : पश्चिम किनाऱ्यावरील नृत्यांपैकी पियानोला सर्वांत जवळचे नृत्य म्हणजे गोव्यातील मांडो. एकोणिसाव्या शतकात सासष्टीतील सुखवस्तू ख्रिस्ती घराण्यांत तो आकारास आला. स्त्री-पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहून, पंखे व रुमाल हाती घेऊन, संथ पावलांनी तो नाचतात. व्हायोलिन व घुमट ही त्याची साथीची वाद्ये. गायन कोकणीत असले, तरी ते बहुधा दोन समांतर स्वरांत होते; म्हणजे पाश्चात्त्य स्वरसंवादाची बैठक त्यात आधीच आहे. तोर्क्वातो द फिगैरेदू (१८७६–१९४८) यांच्यासारखे मांडोकार स्वरलेखन जाणणारे होते. मांडोनंतर द्रुत लयीतील दुलपद गाण्याची रीत आहे. पावान आणि गॅलियार्ड यांच्या जोडीशी हे साम्य लक्षणीय असून, मांडो-दुलपद ही एकल पियानोमालिकेची तयार चौकटच म्हणता येईल. घुमटाचा मातीचा खोल नाद डाव्या हाताला खर्जात शोधावा लागेल; एवढीच काय ती कसोटी.

लावणीचा प्रश्न अधिक कठीण आहे. लालबागच्या हनुमान थिएटरसारख्या तमाशागृहांतून मुंबईच्या गिरणगावाने लावणी दशकानुदशके पाहिली व ऐकली. तिच्यातील ढोलकीचे तुकडे, तोड आणि समेवरील ठसका पियानोच्या आघातप्रधान स्वभावाला मानवणारे आहेत. परंतु लावणीची सुरावट मुरक्यांवर व शब्दफेकीवर जगते. पियानोच्या बारा स्थिर स्वरांत मुरकीचे दोन-तीन तुटक स्वर होतात आणि अदाकारीला जागाच उरत नाही. नुसती चाल पियानोवर वाजविली, तर लावणीचे सुगम गाणे होते. बॉर्टोक व ग्रीग यांचा मार्ग येथे उपयुक्त ठरू शकतो : चाल बाजूला ठेवून ढोलकीच्या बोलांचीच रचना करावयाची. कोळीनृत्यातील हेलकावणारी सहा मात्रांची चाल त्या मानाने सोपी आहे. तिचे बार्कारोल या, व्हेनिसच्या नावाड्यांच्या गीतावरून आलेल्या पियानोप्रकाराशी जवळचे नाते जाणवते. वल्ह्याची ओढ आणि लाटेचा उतार दोन्हीकडे सारखाच असतो.

मुंबईत १९६९ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र (एन्‌सीपीए) आणि २०१६ मध्ये जीर्णोद्धारानंतर पुन्हा खुले झालेले गिरगावातील रॉयल ऑपेरा हाउस येथे पियानोच्या मैफली होतात. लालबागचे हनुमान थिएटर बंद झाले असून लावणीचे प्रयोग आता नाट्यगृहांतून सादर केले जातात.